गणित ठेवायचं की सोडायचं?

दहावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि अकरावीच्या अर्जाची धावपळ नेमकी मृगाच्या तोंडावर येते. भंडारा जिल्ह्यात हे दिवस धानाच्या बांध्या तयार करण्याचे, बियाणं आणण्याचे, पऱ्हे टाकण्याचे. घरातल्या मोठ्यांचं लक्ष आभाळाकडे असतं, आणि पोरगा किंवा पोरगी मोबाइलवर कॉलेजांची यादी वरखाली करत बसलेली असते.

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यासाठी ऑनलाइन झाला. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. आपल्याकडे तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूरचा विद्यार्थी मार्कशीट घेऊन थेट कॉलेजात जायचा आणि तिथल्या मास्तरांशी बोलून विषय ठरवायचा. ते बोलणं आता बरंच कमी झालं. ऑनलाइन अर्जात दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात, पण ते कॉलेजचे आणि शाखेचे. गणित घ्यायचं, जीवशास्त्र घ्यायचं की दोन्ही, हे बहुतेक ठिकाणी प्रवेश पक्का करताना कॉलेजच्या फॉर्मवर ठरतं. काउंटरवरचे बाबू विचारतात, "ग्रुप कोणता?" मागे रांग असते, म्हणून मैत्रिणीने जे सांगितलं तेच आपणही सांगून मोकळं व्हायचं, अशीच रीत पडली आहे. कॉलेजच्या नावावरून घरात चार दिवस वाद होतो आणि ज्या उत्तरावर पुढची चार-पाच वर्षं ठरतात ते अर्ध्या मिनिटात दिलं जातं.

आधी विषयांची मांडणी बघू. राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत इंग्रजी सक्तीचं, सोबत मराठी, हिंदी, आयटी यांपैकी काही एक. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र जवळजवळ सगळेच घेतात. त्यात गणित घातलं की पीसीएम, जीवशास्त्र घातलं की पीसीबी आणि दोन्ही ठेवले की पीसीएमबी, म्हणजे ज्याला मुलं 'जनरल सायन्स' म्हणतात. दोघांपैकी एकच ठेवणारा उरलेल्या जागी भूगोलासारखा विषय घेतो. काही कॉलेजांत इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, क्रॉप सायन्स असे द्विलक्षी विषय असतात. ते २०० गुणांचे असतात आणि दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय अशा दोघांची जागा घेतात. मार्क चढतात म्हणून द्विलक्षीकडे ओढा असतो. त्यात वाईट काही नाही. फक्त त्या अदलाबदलीत कोणता विषय बाहेर गेला, ते फॉर्मवर सही करण्याआधी बघून घ्यायचं.

आता मुख्य गोष्ट. पुढच्या प्रवेशात गणित दोन वेगवेगळ्या ठिकाणी आडवं येतं आणि लोक या दोन ठिकाणांची सरमिसळ करतात. पहिलं ठिकाण पात्रतेचं: बारावीच्या मार्कशीटवर गणित हा विषय आहे की नाही? दुसरं ठिकाण प्रवेश परीक्षेचं: त्या परीक्षेच्या पेपरात गणित विचारतात की नाही? काही अभ्यासक्रमांत गणित दोन्हीकडे आहे, काहींत कुठेच नाही. आणि काही असे आहेत की मार्कशीटवर गणित नसलं तरी चालतं, पण परीक्षेत ते समोर येऊन उभं राहतं. मुलं फसतात ती या तिसऱ्या प्रकारात.

दोन्हीकडे गणित असलेला सरळ मामला इंजिनिअरिंगचा. महाराष्ट्रात बी.ई. किंवा बी.टेक.ला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय सक्तीचे. तिसरा रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा तांत्रिक-व्यावसायिक विषयांपैकी एक चालतो. या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४०. मध्यंतरी २०२१ साली 'इंजिनिअरिंगला आता गणित लागत नाही' अशी बातमी घरोघरी पोचली आणि अजूनही कुणी ना कुणी ती खात्रीने सांगतं. घडलं होतं ते एवढंच, की अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने आपल्या नियमपुस्तिकेत चालणाऱ्या विषयांची यादी वाढवली होती. त्यावर ओरड झाली, आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत ही सवलत आर्किटेक्चर, फॅशन टेक्नॉलॉजी आणि पॅकेजिंग टेक्नॉलॉजी अशा मोजक्या अभ्यासक्रमांपुरती उरली. सिव्हिल, मेकॅनिकल, कॉम्प्युटर यांना गणित लागायचं ते लागतंच.

बारावीचे ४५ टक्के हे फक्त आत येण्यापुरते. नंबर लागतो तो एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर. मुंबईच्या सीईटी सेलची ही परीक्षा पीसीएमवाल्यांसाठी २०० गुणांची असते. भौतिक आणि रसायनचे ५०-५० प्रश्न, प्रत्येकी एका गुणाचे. गणिताचेही ५० प्रश्न, पण प्रत्येकी दोन गुणांचे. म्हणजे एकटं गणित १०० गुणांचं. बाकीचे दोन विषय मिळून जेवढे, तेवढं. वेळही तसाच वाटलेला आहे: भौतिक-रसायनच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटं आणि गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटं. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. दोघांचे पर्सेंटाइल बरोबरीत आले तर आधी बघतात ते गणिताचे. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हेही सांगायला हवं, कारण पेढे वाटताना बरेचदा गोंधळ होतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या १०० पैकी ९० जण तुमच्या बरोबरीने किंवा तुमच्या खाली. प्रत्यक्ष गुण २०० पैकी कितीही असू शकतात.

बोर्डाचं गणित आणि सीईटीचं गणित यांचं पुस्तक एकच आहे, राज्य मंडळाचं. काम मात्र निराळं. एक उदाहरण जवळून बघू. बारावीच्या निश्चित संकलनातला हा नेहमीचा प्रश्न: साइन एक्स भागिले साइन एक्स अधिक कॉस एक्स, याचं शून्य ते पाय बाय टू या मर्यादांमध्ये संकलन करा. बोर्डाच्या पेपरात तुम्ही आधी संकलनाला 'आय' असं नाव देता. मग गुणधर्म लिहिता, की एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घातलं तरी किंमत बदलत नाही. तसं केलं की साइनचा कॉस होतो, कॉसचा साइन होतो, छेद तसाच राहतो. दोन्ही ओळींची बेरीज केली की अंश आणि छेद सारखे, म्हणजे आत उरतो फक्त एक. दोन आय बरोबर पाय बाय टू, म्हणून आय बरोबर पाय बाय फोर. प्रत्येक पायरीला गुण आहेत. शेवटची ओळ चुकली तरी वरच्या पायऱ्यांचे मिळतात.

सीईटीत पायऱ्या कुणी बघत नाही. ९० मिनिटांत ५० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. तिथे तयार मुलगी प्रश्न वाचतानाच ओळखते की हे आणि याचा जोडीदार मिळून एक होतात, म्हणजे उत्तर मर्यादांमधल्या अंतराच्या निम्मं. पाय बाय फोरवर क्लिक करते आणि पुढे जाते. हे ओळखणं पाठांतराने येत नाही. पायऱ्या वीस-पंचवीस वेगवेगळ्या गणितांत हाताने लिहून झाल्या की येतं. म्हणून 'आधी बोर्ड उरकू, मग दोन महिन्यांत सीईटी बघू' हा हिशेब गणिताच्या बाबतीत जमत नाही, आणि बोर्डाच्या पायऱ्या टाळून फक्त पर्याय सोडवणाऱ्यांचाही जमत नाही.

सीईटीत बारावीच्या पुस्तकांतून गणिताचे साधारण ४० प्रश्न येतात आणि अकरावीतून १०. अकरावीची वार्षिक परीक्षा कॉलेजच घेतं, म्हणून ते वर्ष विश्रांतीचं समजलं जातं. त्या दहा प्रश्नांचे वीस गुण होतात. आणि त्याहून मोठी अडचण अशी की वर्तुळ, सरळ रेषा, मर्यादा, फलन, त्रिकोणमिती हे अकरावीचे धडे नसतील तर बारावीचं विकलन-संकलन हवेतच राहतं. जेईई मेनला तर असा ८०-२० वाटाही नाही. तिथे दोन्ही वर्षं सारखीच. नागपूरच्या व्हीएनआयटीत जायचं तर जेईई मेनच द्यावी लागते, आणि सोबत बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं ही अट आहे; अनुसूचित जाती-जमातींना ती ६५ टक्क्यांची.

भाषेची एक गोष्ट इथेच सांगतो, कारण लाखांदूर-पवनीकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांना ती उशिरा कळते. सीईटीत भौतिक आणि रसायनचे प्रश्न मराठीतही मिळतात. गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत. जेईई मेन मात्र तेरा भाषांत होते आणि त्यात मराठी आहे. राज्याच्या परीक्षेत मराठी गणित नाही आणि देशाच्या परीक्षेत आहे, अशी ही उलटी गंमत! सेमी इंग्रजीतून आलेल्यांना अडचण फारशी येत नाही. शुद्ध मराठी माध्यमातून आलेल्याला पहिले दोन-तीन महिने शब्दांचाच त्रास होतो. दहावीत जे 'वर्गसमीकरण' होतं ते अकरावीत क्वाड्रॅटिक इक्वेशन होऊन येतं, 'श्रेढी'ची प्रोग्रेशन होते. हा त्रास दिवाळीपर्यंत सरतो. या एका कारणासाठी गणित सोडलेली हुशार पोरं जिल्ह्यात कमी नाहीत, आणि माझ्या मते ते सगळ्यात वाया गेलेलं सोडणं आहे.

आता ज्यांना गणित कुठेच लागत नाही ते. एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, पशुवैद्यक यांना नीट ही प्रवेश परीक्षा. तिथे भौतिक, रसायन, जीवशास्त्र. नर्सिंगलाही गणित नको. पोरीने नर्सिंग किंवा वैद्यकीयच करायचं पक्कं ठरवलं असेल तर गणित मनावर ओझं न ठेवता सोडावं. एवढं मात्र ध्यानात असू द्या की गणिताचं पुस्तक सोडलं तरी भौतिकशास्त्रातलं गणित सुटत नाही. राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात दुसरंच प्रकरण गणिती पद्धतींचं आहे: सदिश आणि विकलन-संकलनाची तोंडओळख. पीसीबीची मुलं हे प्रकरण 'आपल्याला नाही' म्हणून उलटून टाकतात आणि मग नीटच्या भौतिकशास्त्रात मार खातात.

औषधनिर्माणशास्त्राला, म्हणजे डी.फार्म. आणि बी.फार्म.ला, गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक असलं तरी चालतं. बी.एस्सी. कृषीलाही दोन्ही गट चालतात. आपला जिल्हा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या टापूतला. साकोलीचं धान संशोधन केंद्र याच विद्यापीठाचं. शेतीचं शिक्षण म्हटलं की घरात जीवशास्त्रच डोळ्यांपुढे येतं. पण कृषी अभियांत्रिकीचं बी.टेक. करायचं, म्हणजे सिंचन, अवजारं, मृद-जलसंधारण याकडे जायचं, तर गणित लागतं. दुग्ध तंत्रज्ञानालाही लागतं. गोसीखुर्दच्या कालव्यांचं पाणी जिथे पोचतंय किंवा पोचायचं राहिलंय अशा तालुक्यांतल्या मुलांना पाण्याच्या कामाचं शिक्षण सुचणं साहजिक आहे. ते पीसीबीतून होत नाही, हे बारावीनंतर कळून उपयोग नसतो.

आणि आता तो तिसरा प्रकार. सैन्यात जायची ओढ आपल्याकडे मोठी. पहाटे रस्त्याने धावणारी पोरं प्रत्येक गावात दिसतात. एनडीएच्या भूदल शाखेला बारावी कोणत्याही शाखेची चालते, कलाही चालते. म्हणून घरचे म्हणतात, "आर्मीतच जायचं आहे ना, मग गणित काहून घेतं?" पण एनडीएच्या लेखी परीक्षेत ३०० गुणांचा गणिताचा पेपर सगळ्यांना सारखाच असतो: १२० प्रश्न, अडीच तास, अकरावी-बारावीच्या दर्जाचा, आणि चुकीला गुण कापले जातात. दुसरा सामान्य क्षमतेचा पेपर ६०० गुणांचा. म्हणजे लेखीचा तिसरा हिस्सा गणितात आहे आणि तो न शिकता परीक्षेला बसायची परवानगी मात्र आहे. वायुदल आणि नौदलाला तर मार्कशीटवरही भौतिक, रसायन आणि गणित लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलीही एनडीए देऊ लागल्या, त्यामुळे हे वाक्य मुलींच्या घरीही वाचलं जावं.

अग्निवीर भरतीतही पद बघून विषय बदलतो. जनरल ड्युटीला दहावी पुरते. टेक्निकलला बारावीच्या आधारे जायचं तर विज्ञान शाखा, आणि त्यात भौतिक, रसायन, गणित, इंग्रजी हे चार विषय हवेत. क्लार्क-स्टोअरकीपरला शाखा कोणतीही चालते, पण बारावीत इंग्रजीत आणि गणित किंवा हिशेबाच्या विषयात ५० टक्के लागतात. कला शाखेत दोन्हीही नसलेला मुलगा या पदाला अर्जच करू शकत नाही, मग धावण्यात तो पहिला का येईना!

पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञानसंस्थांची परीक्षा असाच नमुना. पात्रतेला जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिक यांपैकी कोणतेही तीन चालतात. परीक्षेत मात्र चारही विषयांचे १५-१५ प्रश्न असतात, एकूण ६० आणि गुण २४०. पीसीबीवाला तिथे साठ गुणांचं गणित न शिकता बसतो. पीसीएमवाल्याचं तेच जीवशास्त्रात होतं. संशोधनाकडे खरोखर कल असलेल्या मुलाने दोन्ही विषय ठेवावेत असं मी म्हणेन, आणि पीसीएमबीची शिफारस मी सहसा करत नाही.

कारण 'दोन्ही ठेवू, म्हणजे रस्ते मोकळे राहतील' हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा आणि निभवायला जड आहे. दोन वर्षं चार मोठे विषय, त्यांची प्रात्यक्षिकं, मग नीट वेगळी, सीईटी पीसीएमची वेगळी आणि पीसीबीची वेगळी. पुष्कळांचं ना इकडे धड होत, ना तिकडे. तरी ज्याचं खरंच ठरत नाही त्याने काय करावं? माझं मत असं, की कोणता तरी एक सोडायची पाळी आली तर गणित घाईने सोडू नये. जीवशास्त्र मागाहून वाचून भरून काढता येतं. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२३ मध्ये बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून दिलेल्यांनाही नीटसाठी पात्र धरलं आहे. गणिताची वाट कागदावर तशीच उघडी आहे. बारावी उत्तीर्ण विद्यार्थी राज्य मंडळाकडे 'तुरळक विषय' म्हणून एकट्या गणिताचं आवेदनपत्र भरून परीक्षा देऊ शकतो. पण विज्ञानाचं गणित दोन वर्षांत, दोन वर्गांच्या चार पुस्तकांतून, एकावर एक रचत जातं. ते शिक्षकाशिवाय, मित्रांशिवाय, एका वर्षात एकट्याने करणारा क्वचितच सापडतो.

वाणिज्य शाखेत हाच प्रश्न वेगळ्या नावाने येतो: मॅथ्स की एसपी? एसपी म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, चिटणिसाची कार्यपद्धती. एसपीत मार्क बरे पडतात म्हणून बहुतेक तिकडे वळतात. वाणिज्याचं गणित आणि विज्ञानाचं गणित एक नव्हे. मंडळाची पुस्तकं आणि संकेतांकही वेगळे आहेत. वाणिज्याच्या पुस्तकाचा एक भाग लॉजिक, मॅट्रिक्स, विकलन, संकलन असा आहे; दुसरा मात्र अगदी बाजारातला: कमिशन, दलाली आणि सूट, विमा आणि वार्षिकी, निर्देशांक, कालश्रेणी, कोणतं काम कोणाकडे दिलं तर खर्च कमी येईल असे प्रश्न. दहावीतलं अर्थनियोजनाचं प्रकरण ज्यांना आवडलं होतं त्यांनी या पुस्तकाला भ्यायचं कारण नाही. सीए व्हायचं म्हणणाऱ्यांनी तर लक्षात ठेवावं, की सीए फाउंडेशनला बारावीत गणित असण्याची अट नाही, पण १०० गुणांचा क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूडचा पेपर आहे आणि त्यात व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्र येतं. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचं स्वप्न असेल तर सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणित द्यावंच लागतं. कला शाखेतही गणित घेता येतं, पुस्तकाच्या नावातच 'कला व विज्ञान' आहे. पण कलेसोबत गणित शिकवणारी कॉलेजं जिल्ह्यात शोधावी लागतील.

अकरावीला न जाता दहावीनंतर पॉलिटेक्निकचा मार्गही आहे. साकोलीला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीत ३५ टक्के ही पात्रता, तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि मग डिप्लोमाच्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, सीईटी नाही. सीईटीच्या गणिताला घाबरणाऱ्यांना हा मार्ग सुचवला जातो. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला बेसिक आणि अप्लाइड मॅथेमॅटिक्स असतंच, आणि थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलाची गाठ तिसऱ्या सेमिस्टरच्या एम-थ्रीशी, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरशी पडते, तीही एम-वन, एम-टू न करता. तेव्हा या मार्गाने परीक्षा टळते, गणित टळत नाही.

मग आपल्याला झेपेल की नाही हे कशावरून ओळखायचं? दहावीच्या एकूण गुणांवरून तर नक्कीच नाही. दहावीचं गणित ४० गुणांचं बीजगणित, ४० गुणांची भूमिती आणि २० गुण अंतर्गत. पाठ केलेली प्रमेयं, ठरलेल्या रचना आणि अंतर्गत गुण यांवर ८०-८५ सहज होतात. त्याऐवजी तीन धडे बघावेत: वर्गसमीकरणे, निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती. निर्देशक भूमितीतला रेषेचा चढ अकरावीत सरळ रेषा आणि वर्तुळ होतो, बारावीत रेषांची जोडी. वर्गसमीकरणातून अकरावीची संमिश्र संख्या निघते. त्रिकोणमिती तर सगळ्यांत दूरवर जाते. तिची सूत्रं बारावीच्या संकलनापर्यंत पाठ सोडत नाहीत. या तीन धड्यांचे सरावसंच सुट्टीत पुन्हा काढा आणि मार्गदर्शकाला हात न लावता सोडवा. अडलं तर किती वेळ त्यावर बसवतं, ते पाहा. अर्धा तास अडून राहून पुन्हा पेन उचलणारा ६५ गुणांचा मुलगा पीसीएम निभावतो. उत्तर मागे पाहिल्याशिवाय चैन न पडणारा ९० चा मुलगा सहामाहीतच टेकीला येतो.

काही वर्षांपूर्वी या चाचणीची गरजच नसायची, कारण निवड नववीतच व्हायची. 'सामान्य गणित' घेतलेल्यांना अकरावीत गणित बंद होतं. २०१८-१९ ला दहावीचा नवा अभ्यासक्रम आला आणि तो पर्याय संपला. सीबीएसईत मात्र २०२० च्या परीक्षेपासून दहावीला गणिताचे 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' असे दोन स्तर आहेत. मूल सीबीएसई शाळेत असेल आणि पुढे पीसीएमचा विचार असेल तर स्टँडर्डच भरलं आहे ना, ते तपासा.

मुलींच्या बाबतीत पैशाचा हिशेब आधी केला जातो आणि विषय त्यावरून ठरतो: इंजिनिअरिंगची फी कुठून आणायची, त्यापेक्षा जवळच्या कॉलेजात बी.एस्सी. करू दे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, ज्यांचं कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं आहे. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च उरतो, तो थोडा नाही. पण फीच्या भीतीने अकरावीतच गणित सोडायचं कारण आता राहिलेलं नाही.

कॉलेज निवडताना नावापेक्षा एक चौकशी महत्त्वाची: गणिताचे शिक्षक पूर्णवेळ आहेत का, आणि गेल्या वर्षी तास झाले का? हे शिपायापासून मागच्या वर्षीच्या मुलांपर्यंत कुणीही खरं सांगतं. नाव गावच्या कॉलेजात आणि शिकवणी साठ किलोमीटरवरच्या नागपुरात, हा प्रकार आता नवा नाही. ज्याला परवडतं त्याने करावं, पण बारावीच्या गणितात २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि हजेरीचा प्रश्नही असतो. शिवाय शंभर जणांच्या हॉलमध्ये फळ्यावरचं उतरवून घेणं म्हणजे गणित शिकणं नव्हे. वही तपासून 'ही पायरी कुठून आली?' असं विचारणारा माणूस लाखनीत मिळाला तर नागपूरला जायची गरज नाही.

विषय बदलायचाच असेल तर तो अकरावीच्या पहिल्या काही आठवड्यांत. कॉलेज किती दिवस मुभा देतं ते प्रवेशाच्या दिवशीच विचारून ठेवा. आणि बारावीचं मंडळाचं आवेदनपत्र कॉलेजमधून ऑनलाइन भरलं जातं तेव्हा त्याची छापील प्रत मागून घ्या, नुसती सही करू नका. विज्ञानाच्या गणिताचा संकेतांक ४०, वाणिज्याच्या गणिताचा ८८, भौतिकशास्त्राचा ५४, रसायनचा ५५, जीवशास्त्राचा ५६. तुमच्या प्रतीवर हवा तो आकडा नसेल तर त्याच दिवशी काउंटरवर सांगा. आवेदनपत्र मंडळाकडे गेल्यावर तीच दुरुस्ती करायला नागपूरच्या विभागीय मंडळापर्यंत कागद फिरवावा लागतो.